अधिक एक

नवजात बाळांच्या वॉर्डातला तो संगणक सगळ्यांच्याच डोक्याला ताप झाला होता. पायथन नावाच्या प्रोग्रामिंग भाषेच्या तीन आवृत्त्या त्या एकाच मशीनवर नांदत होत्या, आणि नांदत होत्या त्या सवतींसारख्या. प्रयोगशाळेचे रिपोर्ट दाखवणारा नवा प्रोग्राम सुरू करायला जावं, तर मशीन नेमकी सगळ्यात जुनी आवृत्ती पुढे करायचं. मग पडद्यावर लाल अक्षरं, आणि रिपोर्ट आणायला सिस्टरांची जिन्यावरून पळापळ.

रुग्णालयाचे संगणक बघणारी बारकी एकटीच होती. अडतीस वर्षांच्या बाईला खरं तर हे नाव शोभत नव्हतं. पण तिची सख्खी ताई त्याच वॉर्डात मुख्य सिस्टर, तिने एकदा चारचौघांत हाक मारली आणि घरातलं नाव रुग्णालयभर झालं.

मंगळवारी सकाळी बारकी ठाण मांडून बसली. कुठल्या प्रोग्रामला कुठली आवृत्ती लागते ते तिने कागदावर लिहून काढलं. रिपोर्टला सगळ्यात नवी, बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांच्या तापमानाच्या नोंदीला मधली. जुनीवर एकच प्रोग्राम उरला होता, भाऊजींचा.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. बारकीच्या आधी तिच्याच खुर्चीवर बसायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. बाळाचं वजन टाकलं की सलाइनच्या पंपावर तासाला किती मिलिलिटर लावायचे ते त्यांचा प्रोग्राम सांगायचा. वॉर्ड बारा वर्षं त्याच्यावर डोळे झाकून चालत होता.

रीत अशी, की जुनी आवृत्ती तिच्या कोपऱ्यात राहू द्यायची आणि प्रत्येक प्रोग्रामला त्याची त्याची आवृत्ती नेमून द्यायची. तासाभराचं काम. बारकीला ते माहीत नव्हतं असं नाही. पण वरून दोन फोन येऊन गेले होते, आणि एक घाव दोन तुकडे करायची तिला हौस. तिने जुनी आवृत्ती काढूनच टाकली. भाऊजींचा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालवला, तो अडला. आकडा दाखवायच्या ओळींना नवीत कंस लागतात, ते तिने घातले. एक वजन टाकून पाहिलं, पडद्यावर आकडा आला.

"झालं गं!" तिने ताईला ओरडून सांगितलं आणि वर निघून गेली. आलेला आकडा बरोबर आहे का, हे तिने पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी ताईचा फोन आला.

"बारके, खाली ये. सहा नंबरच्या पेटीतल्या बाळाच्या पापण्या सुजल्यात. वजनही एकदम वाढलंय."

"मग डॉक्टरांना बोलाव. मी येऊन काय दिवे लावणार?"

"डॉक्टरबाई बघतायत त्याला. तू आकडा बघ."

बाळ तेराशे चाळीस ग्रॅमचं, ओंजळीत मावेल एवढं. बारकीने कागदावर हिशेब मांडला. किलोमागे दिवसाला ऐंशी मिलिलिटर, म्हणजे दिवसाचे एकशे सात आणि थोडे, तासाला साडेचारच्या आत. पडद्यावर मात्र जवळजवळ साडेपाच होते. वॉर्डातले पंप पूर्णच आकडा घेतात, म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरने अपूर्णांक वर नेऊन सहा लावले होते.

बारकीने खुर्ची पुढे ओढली. तिने प्रोग्राम उघडला. भागाकाराच्या ओळीत शेवटी लिहिलं होतं, अधिक एक.

"ताई, हे एक कशाला मिळवलंय?"

ताई पडद्याकडे वाकली. "तो भागाकार वरचं उरलेलं सोडून देतो म्हणायचे ते. साडेचारचे चारच दाखवायचा. म्हणून वर एक. पाच. थेंबभर जास्त चालेल, कमी नको, असं तेव्हाच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

जुनी आवृत्ती अपूर्णांक गाळायची, नवी गाळत नाही. भाऊजींनी जुनीची खोड ओळखून तिला ठिगळ लावलं होतं. बारकीने खोड काढली आणि ठिगळ तसंच ठेवलं.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

ताईने दाराकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली गेला. "जुनी आवृत्ती परत टाकता येते का?"

"दहा मिनिटांत."

"मग टाक. पंप मी आत्ताच कमी केलाय. चौकशी लागली तर पहिलं नाव त्यांचं निघेल. गेलेल्या माणसाला कोण विचारणार, तू असं का केलंस म्हणून? सगळे म्हणतील, त्याचाच प्रोग्राम चुकीचा."

बारकीचा हात की-बोर्डवर होता. टाकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मंगळवारपासून त्या मशीनने आणखी तीन बाळांचे आकडे काढले होते, आणि त्या पंपांवर काय लागलंय ते दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ताई, बाकीची तीन बाळं," ती एवढंच म्हणाली आणि उठली. ताईने तिचा दंड धरला. क्षणभर धरून ठेवला, मग सोडला.

डॉक्टरबाईंनी सगळं उभ्यानेच ऐकलं. ओरडल्या नाहीत. त्यांनी चारही पंप हाताने हिशेब करून लावून घेतले, रक्त तपासायला पाठवलं, आणि बारकीला म्हणाल्या, "चला. त्याच्या आईला सांगायचंय. तुम्हीही या."

आई काचेपाशी बसली होती. डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा ती बारकीकडेच बघत होती. शेवटी म्हणाली, "मोजायला मशीन होतं ना? मग?"

"मशीन मीच बिघडवलं," बारकी म्हणाली. "मुद्दाम नाही. पण मीच."

आईने मान फिरवली.

जादा पाण्याने बाळाच्या रक्तातलं मीठ उतरलं होतं. पुढचे दोन दिवस बारकी कुठलंही निमित्त काढून वॉर्डात जायची आणि लांबूनच सहा नंबरकडे बघून परतायची. शनिवारी बाळाच्या पापण्यांची सूज ओसरली. बाकीची तिघं मोठ्या वजनाची, त्यांना काही झालं नव्हतं. चौकशी झाली, बारकीला लेखी ताकीद मिळाली. भाऊजींचा प्रोग्राम बंद झाला, आणि नवा येईपर्यंत प्रत्येक हिशेब दोन सिस्टरांनी हाताने करून सह्या करायच्या असं ठरलं.

ताई आठवडाभर बोलली नाही. नवा प्रोग्राम लिहून झाल्यावर जुन्या चारशे नोंदींवर तो पडताळायचा होता. मोठ्याने वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. बारकीने विचारायच्या आधीच ताई नोंदवही घेऊन आली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"त्यांचं चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतंच. पण ते एक कशासाठी, हे त्यांनी बाजूला लिहून ठेवायला हवं होतं. आणि मी विचारायला हवं होतं."

ताईचा चेहरा आवळला. तिने चष्मा लावला, वही उघडली आणि पहिलं वजन वाचलं.