एमेटची पांढरी नखं

व्हर्जिल स्टोक्सला एमेट क्रूगर पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांतून उचलून आणलेला पोरगा; मान अशी नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाने त्याला आणला तो सरळसरळ व्हर्जिलच्या जागेवर, समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांच्या फळीच्या डाव्या टोकाला. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकला की त्याची डावी बाजू उघडी पडते. तिकडून अंगावर येणाऱ्या रेड्याला अडवायचं, एवढंच या टोकाचं काम. चेंडूला हातसुद्धा लावायचा नाही. नीट अडवलं तर कुणी नाव घेत नाही, आणि एकदा चुकलं की अख्खं शहर सात पिढ्यांचा उद्धार करतं. व्हर्जिलने हे अकरा हंगाम केलं होतं आणि त्यात डावा गुडघा दोनदा फाडून शिवून घेतला होता.

फळीचे कोच वोज्निक. गालात सूर्यफुलाच्या बिया धरून ते बोलत. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, "हंगामाआधी पाचही जागा मी नव्याने तपासणार. जुन्या नावावर कुणाला जागा नाही. व्हर्जिल, तुलाही नाही."

व्हर्जिल हसला. मनातून मात्र भडकला.

ऑगस्टचं ऊन डोकं भाजत होतं. सराव संपला की नव्या पोराने जुन्या गड्याचं हेल्मेट आणि खांद्यांची कवचं टेकडीवरच्या कपडे बदलायच्या खोलीपर्यंत वाहायची, ही रीत. आणि फळीची स्वतःची आणखी एक रीत होती: पाचही जण एकत्र टेकडी चढणार. चौघं आवरून तयार असले तरी पाचव्यासाठी थांबणार. व्हर्जिलची कवचं अर्थातच एमेटच्या वाट्याला आली.

"ए मक्या, नीट धर. वास येतोय का?"

"येतोय."

"सवय कर. या जागेला असाच वास असतो."

"तुम्ही गेलात की खिडक्या उघडीन," एमेट म्हणाला.

बाकीचे खो खो हसले. मधल्या जागेवरचा टविटा तर खालीच बसला. व्हर्जिलने तो टोमणा गिळला, पण पचला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याला पोराची खोड दिसली. खेळ सुरू होण्याआधी फळीतला माणूस एक हात जमिनीवर टेकून ओणवा होतो. चेंडू घेऊन पळायचा डाव असेल तेव्हा एमेट पुढे मुसंडी मारायला बोटांवर सगळा भार टाकी आणि त्याची नखं पांढरीफटक पडत. चेंडू फेकायचा डाव असला की हात नुसता गवताला लागलेला, नखं गुलाबी. म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीच पोरगा समोरच्याला सगळं सांगून मोकळा! कोच लोक शिडीवरच्या कॅमेऱ्यातून बघतात. तिथून नखं दिसत नाहीत. ती जमिनीलगत ओणव्या झालेल्यालाच दिसतात.

अशी खोड दिसली की फळीतल्या माणसाने फळीतल्याला सांगायची. भांडण असलं तरी सांगायची, शिव्या देऊन सांगायची, पण सांगायची. व्हर्जिलला त्याच्या पहिल्या हंगामात असंच कुणीतरी कानाखाली वाजवून सांगितलं होतं.

तो जेवायच्या वेळी मर्सरच्या शेजारी जाऊन बसला. मर्सर याच संघातला, पण बचावाच्या बाजूचा, सरावात एमेटवर रोज धावून जाणारा गडी. त्याची स्वतःची नोकरीही टांगणीलाच होती.

"मक्याला लोळवायचाय?" व्हर्जिलने विचारलं.

"कुणाला नकोय?"

"त्याच्या नखांकडे बघ."

मर्सरने काटा खाली ठेवला. "तुझ्याच फळीतला आहे तो."

"फळीत यायचाय अजून," व्हर्जिल म्हणाला.

मग जे झालं ते बघवत नव्हतं. व्हर्जिलने मात्र डोळे भरून पाहिलं. चेंडू हलला रे हलला की मर्सर सुटे आणि एमेट उताणा. पुन्हा उभा, पुन्हा उताणा. वोज्निकचा ओरडून ओरडून घसा बसला. "अरे, पाय आहेत की भोपळे? माझी आई तुझ्याहून लवकर उठते, आणि ती वारलीय!" पोरगा दात आवळून उठे, काही बोलत नसे. सराव संपल्यावर तो एकटाच मैदानात पाय आपटत बसे. पायात चूक नव्हतीच, मग ती सापडणार कुठून?

अखेर वोज्निकनी निकाल सांगितला. "डावं टोक व्हर्जिलचं. क्रूगर राखीव."

त्या दिवशी व्हर्जिलला जेवण गोड लागलं.

पुढे सगळं तीन-चार दिवसांतच फिरलं. शेवटच्या सराव सामन्यात व्हर्जिलच्या अगदी शेजारच्या गड्याचा घोटा मोडला आणि त्या जागेवर वोज्निकनी एमेटला उभं केलं. संघातून माणसं कमी करायच्या दिवशी मर्सरला घरी पाठवलं. "त्याला फक्त क्रूगरच लोळवता येतो," कोच म्हणाले, "आणि क्रूगरला तर कुणीही लोळवेल."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. मर्सरला लुइव्हिलने उचललं होतं. पहिला सामना लुइव्हिलशीच होता. समोरच्या संघाने हाकललेला माणूस ऐनवेळी घरात घ्यायचा आणि त्याच्याकडून सगळी बित्तंबातमी काढून घ्यायची, हे या धंद्यात सगळेच करतात.

व्हर्जिलला पुढचं सगळं दिसलं. आता लुइव्हिलच्या प्रत्येक गड्याला पोराची नखं ठाऊक. डाव आधीच कळलेला माणूस या दोघांच्या मधून सुसाट येणार, एमेट कोलमडणार, आणि कोलमडणार तो थेट व्हर्जिलच्या शिवलेल्या गुडघ्यावर. मागे क्वार्टरबॅक आहेच. दुसऱ्यासाठी खणलेला खड्डा त्याच्या स्वतःच्या पायाखाली आला होता. कोचना सांगावं, तर ते पहिलं विचारणार की मर्सरला कळलं कसं.

तो एमेटच्या खोलीवर गेला. एमेट बुटांच्या नाड्या ओवत होता.

"तुझा हात बदल. पळायच्या डावाला तुझी नखं पांढरी पडतात. दोन्ही डावांना सारखाच भार टाक."

एमेटने वर पाहिलं. "आज अचानक गुरुजी कसे झालात?"

"सांगतोय ते ऐक. मर्सर तिकडे गेलाय."

"मर्सरला माहीत आहे?" एमेटचे हात थांबले. त्याने एक हात जमिनीवर टेकून भार टाकला आणि स्वतःची नखं पाहिली. "तुम्हाला कधी दिसलं हे?"

खोटं बोलायला जागा होती. पण पोराचे डोळे व्हर्जिलवरच रोखलेले होते.

"दुसऱ्या दिवशी."

"आणि त्याला तू सांगितलंस."

'तुम्ही' गेलं होतं. व्हर्जिलने मान हलवली.

"मी घरी फोन करून सांगितलं होतं, मला हे जमत नाही म्हणून," एमेट म्हणाला. "बाप म्हणाला, परत ये." मग तो उठून उभा राहिला. व्हर्जिलला वाटलं, आता हा मारणार; मारलं असतं तर बरं झालं असतं. "हात बदलतो मी. उद्या सराव संपल्यावर माझी कवचं तू वाहायची. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी सराव संपला. व्हर्जिल वाकला, गुडघा करकरला, आणि एमेटची घामाने निथळणारी कवचं त्याने स्वतःच्या कवचांवर चढवली. बाकीचे हेल्मेट काढता काढता वळून बघू लागले.

"हे काय उलटंच?" वोज्निकनी बिया थुंकल्या. "पैज हरलास का, म्हाताऱ्या?"

कुणीतरी हसलं. एमेट हसला नाही. तो फक्त बघत होता.

"कोच, मर्सरला पोराची खोड मी दाखवली होती," व्हर्जिल म्हणाला. "पाय चांगलेच होते त्याचे. नखांवरून डाव कळत होता."

वोज्निकनी मुठीतल्या उरलेल्या बिया गवतात फेकल्या आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. टविटाने स्वतःचं हेल्मेट उचललं, एमेटच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला घेऊन टेकडीकडे चालू लागला. त्यांच्या मागोमाग उजवीकडचे दोघंही निघाले.

व्हर्जिल दोघांचं ओझं सावरत लंगडत निघाला. टेकडीच्या पायथ्याशी त्याने सवयीने वर पाहिलं. चौघं अर्ध्या वाटेवर पोचले होते आणि कुणीही थांबलेलं नव्हतं.