पातोची न वाळलेली पाठ

त्या दिवशी पापा सकाळपासून शेगडीशी भांडत होते. ऑक्टोबर संपत आला होता, लाकडं ओली होती, आणि धूर झाला की त्यांना ती माझीच करामत वाटायची. दुपारी कांद्याचं सूप पिऊन झाल्यावर ते भिंतीवरच्या चित्रातल्या कुत्र्यासमोर उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्यावर करंगळीचं नख अलगद टेकवलं.

"ओलाच आहे अजून."

"आंघोळ नको, वाळायलाही नको," मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं. "मालकावर गेलाय."

"मालकिणीवर," असं काहीतरी ते पुटपुटले असावेत. मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधताबांधता ते वारले.

पातो आईचा कुत्रा. लठ्ठ, तपकिरी, कामाचा मुळीच नाही. कित्येक वर्षांपूर्वी आई गेली त्या वसंतात तो जेवण सोडून जिन्याकडच्या दारासमोर पडून राहायचा. तिला त्याच दारातून नेलं होतं. पापांनी कित्येक आठवडे कुंचला हातात घेतला नव्हता. एका दुपारी त्यांनी अचानक चित्रासाठी एक फळी ओढली. मी डुकराच्या चरबीत घोळवलेला पावाचा तुकडा घेऊन ईझलमागे उभी राहिले, कुत्र्याची मान वळवायला.

"हाक मारू नकोस त्याला," ते म्हणाले. "बघू दे, तिकडंच बघू दे."

एका बैठकीत चित्र झालं. सांगायला ते एका मोठ्या शिकारीच्या चित्रासाठीचं अभ्यासचित्र होतं. त्या शिकारीत मात्र हा कुत्रा कधी उतरला नाही. त्याच्या पाठीला पापांनी डांबराचा तपकिरी रंग वापरला होता. त्या काळी पॅरिसमधले सगळेच तो वापरायचे, कारण ओला असताना त्याच्यासारखी खोल, उबदार चमक दुसऱ्या कशाला येत नाही. आणि तो वाळतच नाही. उन्हाळ्यात ओघळतो, हळूहळू काळा पडत जातो, शेवटी मगरीच्या कातडीसारखा तडकतो.

नोव्हेंबरात मस्यू तूले आले. पापांचे तरुणपणापासूनचे मित्र. त्यांनीच मला पेन्सिलीला टोक काढायला शिकवलं होतं. पापांच्या चित्रांचं एक छोटं प्रदर्शन भरवायचं मित्रांनी ठरवलं होतं. शिकारी, वादळं, जखमी घोडेस्वार अशा सगळ्यांवरून नजर फिरवून ते पातोपाशी थांबले.

"झेली, हे एवढं एकच लोकांच्या लक्षात राहील. बाकीचं आम्हीही काढलंय."

"मग हेच लावा."

"असं कसं लावू? शेकडो माणसांच्या गर्मीनं पाठ पोटावर येईल त्याची." त्यांनी वास घेतला. "डांबर! अगं, नावेच्या बुडाला लावायची चीज ती. बजावलं होतं मी. पण तुझा बाप म्हणजे हट्टी गाढव."

"तुम्हीही वापरायचात."

"मी पण गाढव. फक्त जिवंत आहे." त्यांनी कोटातून बारीक सुरी काढली. "डांबर खरवडायचं, त्याजागी मातीच्या तपकिरी रंगाचा थर द्यायचा. डोळ्यांना, तोंडाला हात लावणार नाही, शप्पथ. गेलेल्या मित्राचं काम आपण पुरं करतोच की."

त्यांच्या मनात खोट नव्हती. हातही चांगला होता त्यांचा.

"आणि नाही केलं तर?"

"पंधरा-वीस वर्षांनी काळा डाग उरेल. दोन डोळे असलेला डाग."

मी फळी उतरवली. खांद्यावर नखांच्या खुणा होत्या, चंद्रकोरीसारख्या. नव्या खुणा जुन्यांवर चढलेल्या, जुन्या पुसट होत बुजत चाललेल्या. पापा रंग वाळला का ते पाहायचे, अशी माझी समजूत होती. इतकी वर्षं कशाला कोण पाहील?

"राहू द्या," मी म्हटलं.

"पोरी, नाव राहतं गं बापाचं. नीट विचार कर."

"केला."

"काळा पडला तर मला शिव्या देशील."

"तुम्हाला त्या कधी कमी पडल्यात?"

ते हसले, मग रुमाल शोधू लागले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दोन वादळं काखेत मारून जिना उतरले.

मी पातोला पुन्हा भिंतीवर टांगलं, शेगडीपासून लांब. आई गेली त्या वसंतात पापा, पातो आणि मी, आम्ही तिघं एकाच खोलीत होतो. आईचं नाव पापांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. संध्याकाळी मी त्यांना प्रवासवर्णनं वाचून दाखवायची आणि ते म्हणायचे, आवाज छान आहे तुझा. पुढं सगळी वर्षं आम्ही कुत्र्याच्या पाठीबद्दल बोललो.

खोलीत कुणी नव्हतं.

"पापा," मी म्हटलं, "मलाही आईची फार आठवण यायची."