थांबाजरा

"हे आमचे भाऊ इथलेच बरं का," नर्सताई दारावरच्या रखवालदाराला सांगत होत्या, "दोन वर्षं आत उभं राहून सौदे ओरडलेत." रखवालदाराने पर्समधली त्यांची छत्री काढून ठेवत कौतुकाने मान डोलावली. मागे उभ्या असलेल्या भाऊंना मात्र ब्रह्मांड आठवलं.

भाऊ म्हणजे गुंतवणूक सल्लागार. बाजार पडला की घाबरलेल्या प्रत्येकाला 'थांबा जरा' म्हणायचे, म्हणून गल्लीत त्यांचं नावच थांबाजरा पडलेलं. धंद्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शेअर बाजाराने त्यांना इमारत बघायला बोलावलं होतं, सोबत एकाला परवानगी. बायको म्हणाली, ताईंनाच न्या, पुढच्या आठवड्यात त्या लेकीकडे कायमच्या चालल्यात. नाही म्हणायला तोंड होतं कुठं? ताई त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. नवं टेबल टाकून महिनाभर माश्या मारत बसलेल्या भाऊंनी, ही बाई तरी उठून जाऊ नये म्हणून थाप ठोकून दिली होती, की आपण बाजारात सौदे करायचो. प्रत्यक्षात ही इमारत त्यांनी फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलेली. आज ती थाप उघडी पडली, तर जाता जाता ताईंच्या नजरेतून उतरणार. बायको सोडली तर भाऊ जगात एवढ्याच गोष्टीला घाबरत.

त्यात भर खुणांची. ताईंचं हॉस्पिटल भाऊंच्या ऑफिससमोरच. ड्यूटी सोडून येता यायचं नाही, म्हणून भाऊंनी त्यांना बाजारातल्या म्हणून हाताच्या खुणा अंदाजानेच शिकवल्या होत्या. ताई खिडकीत येऊन 'काय करू?' अशा भुवया उडवायच्या, भाऊ रस्त्यापलीकडून हात वर करायचे. तळहात समोर म्हणजे घ्या, स्वतःकडे म्हणजे विका, मूठ म्हणजे थांबा जरा. बहुतेक वेळा मूठच.

आतलं मोठं दालन रिकामं होतं. सौदे आता संगणकावर होतात, हे सांगायला एक म्हातारे दलाल नेमलेले. सौदे ओरडून ओरडून त्यांचा घसा इतका बसलेला, की ऐकायला जवळ सरकावं लागे. त्यांनी जुन्या खुणा करून दाखवल्या. तळहात स्वतःकडे, म्हणजे घेतले. तळहात समोर, म्हणजे विकले. भाऊंनी शिकवलेल्याच्या नेमकं उलट.

ताईंनी स्वतःचा हात एकदा असा, एकदा तसा फिरवून पाहिला.

"साहेब, तुम्ही तर इथलेच म्हणे," दलाल म्हणाले. "दाखवा की."

भाऊंचा हात वर गेला. बरोबर खूण नुकतीच डोळ्यांपुढे झाली होती, तशीच केली असती तर निभावून गेलं असतं. पण ताई इतक्या मायेने बघत होत्या, की हात आपोआप खाली आला.

"मी इथं कधीच नव्हतो, ताई. थाप मारली होती. आज पहिल्यांदाच पाय ठेवतोय."

दलाल भले गृहस्थ. त्यांना एकदम छताकडे बघायचं काम निघालं.

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. सगळी नोकरी घशाच्या वॉर्डात काढली मी. इथली माणसं यायची आमच्याकडे, या दादांसारखा आवाज घेऊन. तुमचा गळा म्हणजे शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलाचा."

"मग पैसे कसे ठेवलेत माझ्याकडे?"

"थाप मारताना कान लाल झाले होते तुमचे. म्हटलं, याला खोटं पचत नाही. ठेवायला हरकत नाही."

"आणि मघाशी दारावर ते कौतुक?"

"म्हटलं, मी जायच्या आत कबूल करताय का ते बघू." त्यांनी वाकून बघितलं. "आजही झालेत लाल."

भाऊंना हसावं की रडावं कळेना, त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

बाहेर आल्यावर ताईंची घराकडची बस रस्त्यापलीकडे लागली होती. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि भाऊंकडे बघून सवयीने भुवया उडवल्या. भाऊंनी हात वर केला आणि मूठ मिटली. बस सुटली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी ती मूठ तशीच वर होती.