शेरमतचं धाबं

शेरमत गवंड्याकडे दोन गोष्टी कायम असायच्या, एक पाणसळ आणि दुसरी तक्रार. पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे येऊन बसला की त्याचा चेहरा उजळायचा. जगात तेवढी एकच वस्तू त्याच्या मनासारखी वागत होती. बाकी सगळं तिरपं. शेजारच्या तुर्गून मास्तरांची भिंत तिरपी, चहाखान्याची पायरी तिरपी, आणि गावाचा हशार तर मुळापासून तिरपा.

फरगाना खोऱ्यातल्या त्या गावात कुणाचं घर उभं राहायचं असलं, की नुसता सांगावा जायचा. दुसऱ्या दिवशी गाव फावडी घेऊन दारात हजर. मजुरी कुणी मागायचं नाही. दिवसभर राबायचं, संध्याकाळी कढईभोवती बसून पुलाव खायचा आणि घरी जायचं. शेरमतच्या मते या हशारात चार आणे काम आणि बारा आणे पुलाव असायचा.

"दहा जणांनी मिळून बांधलेल्या भिंतीला बाप नसतो," तो म्हणायचा. "वाकडी झाली तर विचारायचं कुणाला?"

कालव्याचा गाळ काढायचा हशार शुक्रवारी ठरला, तर हा पठ्ठ्या गुरुवारीच एकटा जाऊन आपल्या वाटणीचा तुकडा उपसून यायचा. दोरी लावून, काठ तासून, असा देखणा की त्यातून पाण्यानेही जरा जपून वाहावं. मग शुक्रवारी गाव वरच्या अंगाला गाळ ढवळायचं आणि तो सगळा वाहत येऊन शेरमतच्या देखण्या तुकड्यात बसायचा. दरवर्षी. आणि दरवर्षी शेरमत तणतणत पुन्हा एकटाच उपसायचा.

या तणतणण्याच्या मुळाशी त्याचा बाप होता. नोरबोय उस्ता, गवंड्यांचा गवंडी. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. कुणाचाही हशार असो, उस्ता सगळ्यात आधी हजर आणि सगळ्यात शेवटी घरी. आणि त्याचं स्वतःचं घर? मागची भिंत टेकूवर, ओसरी अर्धवट. आई त्या ओसरीत ताडपत्रीखाली भाकरी भाजायची. उस्ता गेला तेव्हाही टेकू तिथेच होता. गावाने बापाला ओरबाडून खाल्लं, हे शेरमतने तेव्हाच मनाशी पक्कं केलं. आपण कुणाचं काही करायचं नाही आणि कुणाचं काही घ्यायचं नाही.

रशियात बरीच वर्षं फरशा बसवून तो परत आला आणि स्वतःचं घर एकट्याने बांधायला घेतलं. विटा त्याने एकट्याने रचल्या. पॉपलरच्या तुळया चढवायला कप्पी लावली, पण माणूस बोलावला नाही. भिंती अशा सरळ की गावातली माणसं मुद्दाम वाकडी वाट करून बघून जायची. सगळं झालं आणि गाडं धाब्याशी, म्हणजे मातीच्या सपाट छपराशी, येऊन अडलं.

त्याची बायको होसियत तोवर दिराच्या घरात एका खोलीत राहत होती, आणि जावेच्या चुलीवर स्वतःचा चहासुद्धा तिला विचारून करावा लागत होता. एक दिवस तिने फर्मान काढलं.

"अहो, डाळिंबं फुटायला लागली की पाऊस येतो. त्याच्या आत मला माझ्या चुलीपुढे बसायचंय. नाहीतर मी निघाले माहेरी. मग तुम्ही आणि तुमची पाणसळ सुखाने संसार करा."

"अगं, धाब्यावर मातीचा गारा एका दिवसात सलग घालावा लागतो. काल घातलेल्याला आजचा चिकटत नाही, सांध्यातून पाणी शिरतं. एवढं धाबं एका माणसाने एका दिवसात होतं का?"

"मग गाव बोलवा."

"गाव! मी जन्मात कुणाच्या हशाराला गेलो नाही. माझ्याकडे कोण येणार आहे?"

इतकी वर्षं तो गावाला नावं ठेवत होता, आणि खरी गोष्ट होती ती एवढीच. त्याला भीती वाटत होती.

होसियतने त्याला विचारलं नाही. डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि ती गावातल्या सगळ्यात वडील माणसाकडे, हैदरोली ओतांकडे जाऊन आली.

चार दिवसांनी सकाळी शेरमत बांधकामावर येऊन बघतो तर अंगणात अर्धं गाव. कुणी मातीत भुस्सा कालवतंय, कुणी विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून गारा तुडवतंय, तुर्गून मास्तर आपलं पोट सांभाळत शिडी चढतायत. शेरमतने धावत जाऊन थापी उचलली. हैदरोली ओतांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"हे काय? हशाराच्या धन्याने हत्याराला हात लावायचा नसतो. तू चहा द्यायचा."

"ओता, पण मी गवंडी आहे!"

"कालपर्यंत होतास. आज यजमान आहेस. जा, किटली ठेव."

त्या दिवशी शेरमतचे जे हाल झाले, ते शत्रूचेही होऊ नयेत. डोक्यावर त्याचं स्वतःचं धाबं, त्यावर शाळामास्तर, ट्रॅक्टरवाले आणि न्हावी थापी चालवतायत, आणि हा खाली हातात किटली घेऊन. निमित्त काढून तो शिडी चढायचा आणि पियाले देता देता डोळ्याने सगळं मोजायचा. आग्नेयेच्या कोपऱ्यात तुर्गून मास्तर काम करत होते. तिथे गाऱ्याला असं टेंगूळ आलं होतं की धाब्याखाली टरबूज पुरलंय असं वाटावं.

"मास्तर, तिथे जरा... थोडं दाबून..."

"काळजी नको, शेरमतजान! भूगोल शिकवतो मी. डोंगर कुठे असावेत ते मला कळतं."

धाब्यावर हशा उसळला. शेरमतच्या डोक्यात तिडीक गेली आणि त्या भरात त्याने पियाला काठोकाठ भरून मास्तरांपुढे धरला.

हसू एकदम थांबलं. त्या मुलखात पाहुण्याला चहा देतात तो तळाशी घोटभर. पुन्हा पुन्हा ओतता यावा, तेवढाच माणूस बसावा. भरलेला पियाला म्हणजे प्या आणि चालू लागा. मास्तरांनी पियाल्याकडे पाहिलं, मग शेरमतकडे पाहिलं. शेरमतचे कान तापले. शेवटी हैदरोली ओतांनी पुढे होऊन तो पियाला स्वतः घेतला, घटाघटा पिऊन टाकला आणि म्हणाले, "पोराला सवय नाही. आज पहिल्यांदाच त्याच्या घरी कुणी आलंय."

संध्याकाळपर्यंत धाबं पुरं झालं. पुलाव झाला, हातावर पाणी पडलं, गाव गेलं. होसियतने नव्या चुलीवर हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. शेरमतच्या डोळ्यापुढे मात्र ते टेंगूळ नाचत होतं.

दुसऱ्या दिवशी, होसियत जावेकडचं सामान आणायला गेल्यावर, त्याने कोपरा खरवडून काढला आणि नवा गारा घातला. पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. त्याला इतकं बरं वाटलं की तो शिडीवरून गाणं गुणगुणत उतरला.

डाळिंबं फुटली आणि पाऊस आला. चांगला दोन दिवस पडला. मास्तरांचं, न्हाव्याचं, ट्रॅक्टरवाल्यांचं सगळं वेडंवाकडं धाबं दगडासारखं घट्ट राहिलं. गळला तो एकच कोपरा, आग्नेयेचा. थेंब पडत होता तो थेट शेरमतच्या उशीवर.

होसियतने वर पाहिलं. मग उशीशेजारी वाडगा ठेवत म्हणाली, "मास्तरांच्या हातचं दिसतंय."

शेरमतला नुसतं हो म्हणता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण वाडग्यात टपकन थेंब पडला आणि त्याच्याने ते बोलवेना.

"माझ्या हातचं आहे," तो म्हणाला. "मागाहून सांधा घातला मी. चिकटत नाही हे मला ठाऊक होतं. मीच तर तुला सांगितलं होतं."

"मग आता?"

"आता सगळ्या धाब्यावरून पुन्हा एक सलग हात फिरवायला हवा, म्हणजे सांधाच उरणार नाही."

होसियतने रुमाल उचलला. शेरमतने तो तिच्या हातातून घेऊन खुंटीला अडकवला आणि टोपी घालून स्वतः बाहेर पडला.

हैदरोली ओतांच्या फाटकापाशी तो बराच वेळ घुटमळला. ओता बाहेर आले तेव्हा त्याने एका दमात सांगून टाकलं. "ओता, माझं धाबं गळतंय. चूक माझी आहे. मला एकट्याला जमायचं नाही. याल का?"

ओतांनी बाहीने नाक पुसलं.

"तुझ्या बापाच्या तोंडून हे ऐकायला आम्ही जन्मभर थांबलो होतो रे. दर वसंतात मी त्याला म्हणायचो, नोरबोय, तुझी मागची भिंत घेऊ या. तो म्हणायचा, बघू, माझं मी करीन. आम्हा सगळ्यांची घरं बांधली आणि आम्हाला एक वीट ठेवू दिली नाही. त्या टेकूवरून जाताना लाज आम्हाला वाटायची, त्याला नाही."

शेरमत तिथेच फाटकाला धरून उभा राहिला. बापावरून गावावर धरलेला इतक्या वर्षांचा राग आता कुठे ठेवायचा ते त्याला कळेना, आणि त्याला रडू आलं.

उन्हं पडली तेव्हा गाव पुन्हा आलं. आग्नेयेचा कोपरा कुणी घ्यायचा यावर धाब्यावर थट्टा सुरू झाली. शेरमत खालून ओरडला, "तो मास्तरांचा! त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही!"

मास्तर शिडीवर अर्ध्यात थांबले. "डोंगर चालेल का?"

"दोन काढा."

मग तो किटली घेऊन वर गेला आणि त्याने मास्तरांच्या पियाल्यात चहा ओतला, तळाशी घोटभर. मास्तरांनी एका घोटात संपवून पियाला पुढे केला. शेरमतने पुन्हा घोटभर ओतला, आणि पुन्हा, आणि पाणसळ खाली भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.