प्रार्थनेचा विषय

दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला विद्यानगरातल्या सुकन्याबाईंच्या घरी मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती बायकांची प्रार्थना भरायची. सुकन्याबाईंचे सासरे रेल्वेच्या नोकरीसाठी मिरजेहून हुबळीला आले आणि इथलेच झाले. चर्चमधली उपासना कन्नडमध्ये होई. ती सगळ्यांना कळत होती, पण रडायचं झालं की माणसाला आपली भाषा लागते, म्हणून ही बैठक वेगळी. दहा-बारा बायका, खाली सतरंजी, दोन गाणी, बायबलमधलं एक वचन. मग सुकन्याबाई चष्मा पुसत आणि म्हणत, "हं, आता विनंत्या सांगा."

खरी सभा तिथून सुरू व्हायची!

"प्रीतीसाठी प्रार्थना करू या. तिचं ठरलेलं मोडलं म्हणे. कारण मी सांगणार नाही." आणि मग पाच मिनिटांत कारण निघे. "विनायकच्या बायकोसाठी. तो परत पिऊन येतोय. पण हे इथंच राहू द्या हं." इथंच म्हणजे कुठं, हे कुणी विचारत नसे. कारण बैठक उठायच्या आत सगळ्या विनंत्या सुकन्याबाई फोनवरच्या 'प्रार्थना साखळी'त घालत, आणि त्या साखळीत हुबळी, धारवाड आणि बेळगाव मिळून एकशे चाळीस माणसं होती.

सुकन्याबाई वाईट होत्या का? मुळीच नाही. कुणाकडे मयत झालं की भाताचा पहिला डबा त्यांच्या घरून जाई. आपण लोकांना प्रार्थनेत उचलून धरतो, असंच त्यांना मनापासून वाटे. हीच बोलणी नळावर उभं राहून केली असती, तर ती चहाडी आहे हे त्यांना सर्वांत आधी कळलं असतं. पण डोळे मिटून बोललं की चहाडीही पवित्र होते, हा आपल्या मंडळींचा जुना गैरसमज आहे. तुमच्या-माझ्याही घरात तो असेल, नीट पाहा.

बैठकीत दाराजवळ मीनाक्षीअक्का बसायच्या. मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. विनंतीची पाळी आली की म्हणत, "माझं मी मागते की. पुढं चला." त्या जरा विक्षिप्त आहेत, असं बाकीच्या बायकांचं एकमत होतं.

सुकन्याबाईंची सून उत्तरा धारवाडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. मुलगा साकेत बेळगावला कामाला, शनिवारी घरी येई. लग्नाला पाच वर्षं झाली होती. उत्तराला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. पहिल्या वेळी ती दवाखान्यातून घरी पोचायच्या आत साखळीवर कळलं होतं. दुसऱ्या वेळी, रविवारी उपासना सुटल्यावर, बायकांनी तिला फाटकाशीच घेरलं. एकीनं विचारलं, पपई खाल्लीस काय? दुसरीनं तिच्या पोटावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली, रिक्षावाल्यांच्या देखत. उत्तरा मान खाली घालून उभी राहिली. घरी आल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "आई, हे सगळ्यांना सांगायला नको होतं."

"अगं, सांगितल्याशिवाय लोक प्रार्थना कशी करतील?" सुकन्याबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

तेव्हापासून उत्तरा त्यांच्याशी बोलायची ती दूध, भाजी आणि गॅस एवढ्यापुरतंच. सुकन्याबाईंना ते लागलं. त्यांनी तेही साखळीत घातलं: आमच्या सुनेचं मन कठीण झालंय, तिच्यासाठी प्रार्थना करा.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मीनाक्षीअक्कांचा फोन आला. "सुकन्या, उत्तराला मिशनच्या दवाखान्यात आणलंय. शुद्धीवर आहे, बोलते आहे, घाबरू नको. कुणाला काही न बोलता सुम्मने, गुपचूप ये."

कशीबशी चप्पल घालून सुकन्याबाई रिक्षात बसल्या. डोळ्यांना धारा लागलेल्या, तोंडानं देवाचा धावा चाललेला, आणि हातानं मात्र सवयीनं आपलं काम केलं. 'तातडीची प्रार्थना. उत्तरा दवाखान्यात. काय ते मागाहून कळवते.' रिक्षा दवाखान्याशी थांबायच्या आत ते सगळीकडे पोचलंही होतं.

अक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सुकन्याबाईंना शेजारी बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तिसरा महिना चाललाय तिला. धारवाडच्या बसमध्ये रक्त जायला लागलं. तिनं मला फोन केला, मी रिक्षा घेऊन गेले. बाळाचे ठोके आहेत. डॉक्टर म्हणतात, पडून राहिली तर टिकेल."

"तिसरा महिना?" सुकन्याबाईंचा आवाज चढला. "आणि मला पत्ता नाही? साकेतला?"

"त्याला माहीत आहे. तुला सांगायचं नाही, असं तिनं त्याच्याकडून वचन घेतलंय."

"आणि तुम्हाला सांगितलं! सासूला नाही, तुम्हाला!"

"मला कोण सांगतंय? दर आठवड्याला इंजेक्शन घ्यायचं होतं, म्हणून माझ्याकडं यायची. टोचून घ्यायची, दहा मिनिटं माझ्या खाटेवर आडवी व्हायची आणि घरी जायची. डॉक्टरांनी दीड महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, प्रवास बंद, झोपून राहा म्हणून."

"मग ही बया रोज धारवाडला का जात होती? बसमध्ये उभ्यानं?"

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. "रजा काढून घरी झोपली असती तर तू विचारलं असतंस, का झोपलीस. काय सांगायचं होतं तिनं? स्वतःच्या घरात पडायची सोय नव्हती ग तिला."

सुकन्याबाई उठल्या आणि आत गेल्या.

उत्तरा खाटेवर पडून होती. चेहरा पांढराफटक. उशीजवळ तिचा फोन सारखा थरथरत होता. एक थांबला की दुसरा. तिनं तो उचलून पाहिला, मग सासूकडे पाहिलं.

"आई, साखळीत घातलंत काय?"

सुकन्याबाईंना हो म्हणवेना आणि नाही म्हणता येईना. उत्तरानं फोन बंद केला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला रडूसुद्धा आलं नाही. ती रडली असती तर सुकन्याबाईंना जवळ तरी जाता आलं असतं.

बाहेर येऊन त्या बाकावर कोसळल्या. "अक्का, मी काय पाप केलं हो? प्रार्थनाच मागितली ना? पोरीचं भलं व्हावं म्हणूनच ना?"

"देवाला कळवायला तुला एकशे चाळीस माणसं लागतात काय?" अक्का म्हणाल्या. "त्याला रिक्षात बसून सांगितलंस तेवढं पुरे होतं की. बाकीचं कुणासाठी होतं?"

सुकन्याबाईंनी हातातला फोन पदराखाली लपवला.

"येशूच्या आईचं, मरियेचं आठव. तुला मूल होणार, असं देवदूत घरी येऊन सांगून गेला, तरी तिनं गावात बोभाटा केला काय? सगळं मनात ठेवलं. पण भीती तिलाही असेलच की, पोरच ती! मग ती कुठं गेली? डोंगर चढून एकट्या अलीशिबेकडं, आपल्या नात्यातल्या वयस्क बाईकडं गेली. तिच्याजवळ तीन महिने राहिली. सुकन्या, अशा दिवसांत प्रत्येक पोरीला एक अलीशिबा लागते. दार उघडून आत घेणारी, आणि मग ते लावून घेणारी. तुझ्या घरातली पोर ती शोधत माझ्या खोलीपर्यंत आली. मला त्याचा आनंद झाला नाही बघ."

सुकन्याबाईंनी तोंडाला पदर लावला. अक्कांच्या खोलीच्या पस्तीस पायऱ्या चढून, सुई टोचून घेऊन, दुसऱ्याच्या खाटेवर दहा मिनिटं पडणारी आपली सून त्यांना दिसत होती. घरी मऊ गादी होती, गरम पाणी होतं, करायला माणूस होतं. आणि त्या माणसाच्या भीतीनं ती रोज बसमध्ये उभी राहत होती! आपल्या नातवंडाच्या जिवावर उठलं होतं कोण? दुसरं तिसरं कुणी नव्हे, त्यांची स्वतःची जीभ!

"देवा, मी हे काय केलं!" त्या पुटपुटल्या. त्यांनी फोन काढून मघाचा मजकूर पुसून टाकला.

"पुसलास तरी वाचणाऱ्यांनी वाचला," अक्का म्हणाल्या. "आता पुढचं तेवढं सांभाळ."

संध्याकाळी साकेत बेळगावहून आला. आईशी तो एक अक्षर बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं.

गुरुवारी सकाळी उत्तराला घरी सोडलं. मधल्या खोलीत तिची खाट घातली. आज बैठक नकोच, असं सुकन्याबाईंच्या मनात होतं. मग त्यांना वाटलं, नको कसं? जिथं सांडलं तिथंच पुसायला हवं.

त्या संध्याकाळी कधी नव्हे त्या वीस बायका आल्या. गाणी घाईघाईनं झाली. वचन कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. विनंत्यांची वेळ आली आणि समोर बसलेल्या लक्ष्मीबाई पुढे सरकून म्हणाल्या, "आधी उत्तराचं सांगा की! काय झालं? परत तसंच काय?"

वीस माना सुकन्याबाईंकडे वळल्या. सांगण्यासारखं खूप होतं. ठोके आहेत, आशा आहे, देवानं राखलं! आनंदाची बातमी होती, सांगितली असती तर बायका रडल्या असत्या, मोठी प्रार्थना झाली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते. इतक्या वर्षांची सवय काय एका मंगळवारात सुटते?

"ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

"अय्यो! मग प्रार्थना कशी करायची?"

हा प्रश्न मूळचा आपलाच, हे सुकन्याबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "आज विनंती माझी आहे. माझंच नाव घ्या. मी तुमच्या घरची दुःखं देवापुढं न्यायची म्हणून मागून घेतली आणि रस्ताभर सांडत गेले. तुम्ही विश्वासानं सांगितलंत, मी साखळीत घातलं. मला क्षमा करा. माझ्या जिभेसाठी प्रार्थना करा."

"म्हणजे झालं तरी काय?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"एवढंच."

प्रीतीच्या मोडलेल्या लग्नाबद्दल त्यांना तिच्याकडेही माफी मागायची होती. पण त्यासाठी त्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरी एकट्या गेल्या. तिनं माफ केलं की नाही, ते त्यांनी बैठकीत कधीच काढलं नाही.

त्या गुरुवारी कुणी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. बायका गुडघ्यांवर तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं, त्या दिवशी आलेली विनायकची बायको हुंदके देऊ लागली, आणि कुणी तिला का म्हणून विचारलं नाही. काही जणी रागावूनही गेल्या. पुढच्या गुरुवारी त्यांतल्या पाच-सहा जणी आल्याच नाहीत. सत्य बोललं की टाळ्याच पडतात असं नाही.

सगळ्या गेल्यावर सुकन्याबाई सतरंजीची घडी घालत होत्या. मधल्या खोलीतून हाक आली, "आई."

त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. खोलीत आणि बैठकीत एक पातळ दार. उत्तरानं सगळं ऐकलं होतं.

"आत या," ती म्हणाली. "आणि दार लावून घ्या."

सुकन्याबाईंनी दार लावलं आणि खाटेच्या कडेला बसल्या. उत्तरानं त्यांचा हात हातात घेतला आणि पहिल्या वेळेपासूनचं सारं सांगितलं. काय सांगितलं? ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी लिहिलं नसतं.

बंधुभगिनींनो, ख्रिस्तावरचा विश्वास म्हणजे मोठमोठे चमत्कारच असं आपण धरून चालतो. पण माणूस बदलतो तो अशाच साध्या ठिकाणी, ओठांपर्यंत आलेला शब्द आत वळवताना. आणि तो रोज नव्यानं वळवावा लागतो. कुणी आपलं दुःख आपल्या हाती दिलं तर ती त्याची ठेव आहे. ती देवापुढं न्यावी, आणि वाटेत कुणी विचारलं तर दाखवू नये. ज्याच्या घरात मनातलं बोलायला जागा आहे, त्याच्याच घरात प्रार्थना आहे.

जुलैच्या अखेरीला उत्तराला मुलगी झाली. साखळीवर ती बातमी पाच दिवसांनी आली, आणि ती उत्तरानं स्वतःच्या हातानं घातली. पाच दिवस आजीला सगळं ठाऊक होतं आणि आजी गप्प होती!