सुटे टाके, सलग टाका

तिने चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि सुईसाठी हात पुढे केला. पुवाने टरारलेलं गर्भाशय बाहेर निघालं होतं, रक्त थांबलं होतं. आता फक्त कुत्रीचं पोट शिवायचं राहिलं होतं.

"कसं शिवू, सर?"

थोरले डॉक्टर भिंतीला टेकून कुत्रीकडेच बघत होते. टेबलावरची म्हातारी ठमी त्यांचीच. बायको गेल्यापासून घरात बोलायला तेवढीच. सकाळी त्यांनी स्वतःच हातमोजे चढवले होते. मग ठमीच्या पोटाकडे बराच वेळ बघून ते उतरवले आणि म्हणाले, "माझ्याच्याने नाही व्हायचं. तू कर."

याच माणसाशी तिचा वर्षभर वाद चालला होता. दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या कुत्र्यांची पोटं ती सुट्या टाक्यांनी शिवायची, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ; उरलेल्यांची एकाच सलग दोऱ्याने. मग जखमा कशा भरतात ते ताडून बघायची. अजून तरी दोन्हीकडे सारख्याच भरत होत्या. सलग टाक्याने वेळ तेवढा वाचत होता. सर मात्र बधायला तयार नव्हते. "सलग दोरा सुटला की अख्खं पोट उसवलं. सुट्यातला एक गेला तर बाकीचे धरून ठेवतात," एवढं म्हणून ते चहाकडे वळायचे.

सरांची कुत्री, सरांची पद्धत, असं तिने ठरवून टाकलं. पहिली गाठ बसली. दोरा कापायला तिने कात्री उचलली, तोच भूल सांभाळणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या,

"मॅडम, रक्तदाब उतरतोय. हिला फार वेळ झोपवून ठेवता यायचं नाही."

कात्री हातातच राहिली. तिने मान वर करून सरांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" सर म्हणाले. "वर्षभर डोकं खाल्लंस ना माझं? घाल सलग."

"नक्की, सर?"

"पेशंट तुझा आहे."

तिने कात्री खाली ठेवली. गाठीवर आणखी दोन वेढे चढवले आणि त्याच दोऱ्याने पुढे निघाली. ना फार ताण, ना ढिलाई. सुई झपझप चालली होती. मागे नळाचं पाणी वाहिल्याचं तिला ऐकू आलं, पण तिने वळून पाहिलं नाही.

जखमेच्या टोकाशी ती पोचली, तेव्हा सर हात धुऊन, नवे मोजे घालून शेजारी उभे होते.

"सगळा भार या गाठीवरच ना? दे इकडे."

तिने दोऱ्याची टोकं त्यांच्या हातात दिली. त्यांची बोटं सवयीने फिरली, एकेक वेढा जागच्या जागी बसला.

संध्याकाळी ठमीने डोकं उचललं आणि वाटीतलं पाणी चाटलं. सर पिंजऱ्याशेजारी जमिनीवरच बसले होते.

"हिला कुठल्या निम्म्यात धरणार?" त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही, सर. दोघांनी मिळून शिवलेलं हिशेबात बसत नाही."

"हं." ते ठमीच्या कानामागे खाजवत राहिले. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या पहिलं कुत्रं घेशील तेव्हा हाक मार. सुरुवात कशी करतेस ते भिंतीपासून नीट दिसलं नाही मला."