धूर नको म्हणून

दूध तापवायच्या पातेल्यात आईनं कार्बोरेटर उकळायला ठेवला, त्या दिवशी मी हात टेकले.

"अगं, दुधाचं पातेलं आहे ते!"

"घासून घेईन," आई म्हणाली. "आणि नाक मुरडू नकोस. तुझे बाबा सांगतात तसंच करतेय."

बाबा आतल्या खोलीत पलंगावर. नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय. आयुष्यभर त्यांनी फवाऱ्यानं गाड्या रंगवल्या आणि तोंडाला फडकं बांधायचा कंटाळा केला. आता फुप्फुसांनी संप पुकारला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार आशा धरू नका, आणि धूर, धूळ, तळण काही म्हणजे काही त्यांच्या आसपास येऊ देऊ नका. बाजूला घेऊन काय उपयोग? बाबांचे कान भारी तिखट. सगळं ऐकलं त्यांनी. घरी आल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मागच्या शेडमधली गाडी सुरू करायची. एकदा आवाज ऐकायचाय तिचा."

गाडी म्हणजे त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. शेडमध्ये गंजत पडलेली, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला.

"कोण करणार? तुम्ही?" मी ओरडलेच. "न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागते तुम्हाला!"

बाबांनी आईकडे बोट दाखवलं. "ही करेल."

मला वाटलं, आई आता उसळणार. ती त्या गाडीला सवत म्हणायची. सुट्टीच्या दिवशी नवरा सकाळपासून सवतीच्या मागे, आणि ही एकटी शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवत बसलेली. वाळत घातलेल्या कपड्यांना तिच्या निळ्या धुराचा वास लागायचा, त्यावरून तर किती भांडणं! पण आई उसळली नाही. पदर खोचला आणि म्हणाली, "पाना कुठे ठेवलाय सांगा."

झालं. घराचं गॅरेज झालं. जेवणाच्या टेबलावर क्लचच्या प्लेटा, शिवणयंत्राच्या खणात नटबोल्ट, कपड्यांवर खुणा करायच्या खडूनं इंजिनावर खुणा. प्रत्येक भाग पुसून आई पलंगापाशी न्यायची. बाबा तो बोटांनी चाचपायचे, मान हलवायचे किंवा परत पाठवायचे. इंजिनाच्या सांध्यात बसवायचं गॅस्केट जाड कागदातून कापायचं होतं तेव्हा तिनं आपली शिवणाची कात्री काढली आणि एका दमात असं कापलं, की बाबा बघतच राहिले. त्या दिवसापासून ते तिला 'मेस्त्री' म्हणायला लागले. आई लटक्या रागानं म्हणायची, "चेष्टा पुरे." पण कान लाल व्हायचे तिचे.

इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन सिलेंडरमध्ये घट्ट धरलेला निघाला. लाकडाचा ठोकळा लावून ठोकून ठोकून आईनं तो बाहेर काढला. बाजूनं उभे ओरखडे, मांजरानं नख्या मारल्यासारखे.

"हे तुझ्या दिराचं काम," बाबा म्हणाले. त्यांना वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घ्यावा लागायचा. "गाडी मागून नेली... आणि नुसतं पेट्रोल भरलं. हिचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, तेच हिचं वंगण. तेल नसलं की... पिस्टन तापतो, फुगतो... आणि धरतो. असे उभे ओरखडे दिसले की समजायचं, कोरडी चालवली."

काकाशी बाबा किती तरी काळ बोलले नव्हते, त्याचं कारण मला तेव्हा कळलं. आईनं त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बिचारी." सवतीला पहिल्यांदा बिचारी म्हणाली ती.

लेथवाल्यानं सिलेंडर घासून दिला, नवा पिस्टन आला. इंजिन पुन्हा जुळलं. टाकीचा गंज गेला, सीटला आईनं स्वतः कव्हर शिवलं. गाडी रोज थोडी सुधारत होती आणि माणूस रोज थोडा खंगत होता. मला त्या गाडीचा इतका राग यायचा, की शेडमध्ये जाऊन लाथ घालावी. बाबांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. दोन शब्द बोलले की ओठ निळे पडायचे. आवाज ऐकायच्या आधीच ते गेले तर आईचं काय होईल, एवढी एकच भीती माझ्या मनात घर करून बसली होती.

शेवटी एका सकाळी आईनं गाडी अंगणात ढकलत आणली, कुंपणाशी लांब उभी केली. मी आधीच बजावून ठेवलं, "खिडकी बंद राहील. ही गाडी धूर किती ओकते माहितीये ना?"

"काचेतून काय ऐकू येणार त्यांना?" आई म्हणाली.

"आई, डॉक्टर काय म्हणाले?"

आईनं बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. "खिडकी उघडी राहील," ती म्हणाली. "धुराचं मी बघते." आणि पेट्रोलचा कॅन उचलून निघून गेली. मी चडफडत खिडकी उघडली आणि बाबांच्या पाठीला दोन उशा लावून त्यांना उंच बसवलं.

आईनं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. साडी सावरून, दात-ओठ खाऊन पुन्हा. आणि मग फट् फट् फट् फट्... अहाहा! सगळं अंगण दणाणलं. माझ्या लहानपणी संध्याकाळी गल्लीच्या टोकाशी हा आवाज आला की मी दाराशी पळायचे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाबांचे डोळे मिटलेले होते, बोटं चादरीवर ताल धरत होती.

आणि धूर नाही! शपथ सांगते, एक निळी रेघ नाही. आई खिडकीकडे बघून हसत होती, तोंड भरून, वेणी सुटलेली, गालाला काळं लागलेलं. मी तिला तशी हसताना आजारपण आल्यापासून पाहिली नव्हती. तिनं रेस दिली. पुन्हा दिली.

बाबांची बोटं थांबली. डोळे उघडले. आवाजात काहीतरी बदललं होतं, बारीक, पत्र्यासारखं. मला कळलंसुद्धा नसतं. त्यांनी नाक उंचावून हवा हुंगली, मग हात वर केला.

"काय झालं? बंद करायला सांगू?"

"तेल..." ते म्हणाले. "तेल घातलं नाही तिनं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धूर तेलाचा असतो. धूर नको म्हणून तिनं तेलच घातलं नव्हतं. मी ताडकन उठले, खिडकीतून ओरडणार, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. कुठून आली होती एवढी ताकद, देव जाणे.

ते आईकडे बघत होते. ती अजून हसत होती.

"राहू दे," ते म्हणाले. "चालू दे."

"बाबा, इंजिन जाईल!"

"जाऊ दे."

आम्ही दोघं ऐकत बसलो. आवाज जड झाला, कण्हायला लागला, आणि खाट्‌कन थांबला. आई धावत आत आली, धापा टाकत. "अहो, बंद पडली बघा अचानक! पण ऐकलंत ना? धूर आला का आत?"

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. "झकास वाजली, मेस्त्री. पेट्रोल संपलं असेल." आई ओल्या डोळ्यांनी चहा करायला गेली, तेव्हा ते माझ्याकडे वळले. "सांगू नकोस तिला. तिला वाटलं असेल, एवढ्याशानं काय होतंय. पण पिस्टन नवा... त्याला तर तेल जास्त लागतं." आणि चक्क हसले. ज्या चुकीसाठी सख्ख्या भावाशी अबोला धरला, तीच चूक आईनं केली आणि हा माणूस हसत होता.

त्याच आठवड्यात बाबा गेले. झोपेतच गेले.

आई रडली नाही. लोक आले, गेले, ती सगळ्यांना पाणी देत राहिली. मशीन परत गेलं आणि खोलीतल्या शांततेनं मला वेड लागायची पाळी आली. मग एक दिवस दुपारी कामावरून घरी आले तर आई अंगणात, गाडीच्या किकवर पूर्ण भार टाकून उभी. किक जागची हलत नव्हती.

"सोड ना आई. मेकॅनिकला बोलावू." मी आधीच त्याला गाठून पढवून ठेवणार होते.

"मेकॅनिक कशाला? मी मेली आहे का?" ती म्हणाली आणि पाना घेऊन बसली.

मी नाना सबबी सांगितल्या. ऊन आहे, जेवून घे, उद्या करू. तिनं एक ऐकली नाही. हेड काढलं, सिलेंडर ठोकून ठोकून वर काढला. मग पदरानं पिस्टन पुसला आणि हात तिथेच थांबला.

उभे ओरखडे. वरपासून खालपर्यंत.

कितीतरी वेळ ती त्यांवरून बोट फिरवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "त्यांना कळलं होतं?"

"नाही गं. त्यांना कसं कळणार?"

"खोटं बोलू नकोस माझ्याशी. किकच्या आवाजावरून प्लग खराब आहे का ते ओळखायचा तो माणूस." आयुष्यभर अहो-जाहो केलेल्या नवऱ्याला ती पहिल्यांदा असं एकेरीत म्हणाली. "कळलं होतं ना?"

मी मान डोलावली.

"मग थांबवलं का नाही मला? जीव होता त्यांचा या गाडीत. तू होतीस ना तिथे? का नाही ओरडलीस?"

सांगू नकोस, म्हणून बाबांनी बजावलं होतं. पण आईचा चेहरा बघवेना.

"त्यांनीच मला धरून ठेवलं," मी म्हणाले. "तू हसत होतीस, म्हणून."

आईनं पिस्टन दोन्ही हातांनी झाकला, त्यावर कपाळ टेकवलं आणि मग ती रडली. मी तिच्या शेजारी अंगणातच खाली बसले. तिच्या कपाळाला काळं लागलं होतं, ते पुसायचं मला सुचलंच नाही.